विहिरीतली फटफटी

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागलं की मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं बिद्री येतं. तिथल्या साखर कारखान्याचं कागदावरचं नाव दूधगंगा-वेदगंगा असं लांबलचक आहे, पण सगळा मुलूख त्याला नुसतं ‘बिद्री’ म्हणतो. माझं लहानपण या परिसरातलं. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची आणि हवेत मळीचा वास भरायचा. उसाचं बिल हातात पडलं की माणसं जत्रेला निघायची. जत्रेत पाळणे असत, तंबूतला सिनेमा असे, आणि या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडणारा एक खेळ असे. पाटी हिंदीत होती, म्हणून आम्हीही त्याला हिंदीतच म्हणायचो – मौत का कुआँ.

१९८२ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, मला घेऊन निघाले तेव्हा आजी दारातूनच म्हणाली, ‘‘पोरगं तिकडं न्हेऊ नगंस. कुणाचा जीव जातोय का ते बघायला पैसं कशाला द्यायचं?’’

‘‘जातोय कुठला जीव,’’ तात्या म्हणाले, ‘‘त्यो रोज चालीवतोय.’’

दोन मजली घराएवढ्या उंचीची ती लाकडी फळ्यांची विहीर. बाहेरून जिन्यानं वर जायचं आणि कठड्यावरून आत वाकून बघायचं. खाली एक येझदी उभी होती, पुंगळी काढलेली. तिनं पहिली गर्जना केली तसा पायाखालचा कठडा थरथरायला लागला. तळाच्या उतारावर दोन फेऱ्या मारून गाडी बघता बघता उभ्या भिंतीवर आडवी झाली. मग त्या माणसानं दोन्ही हात सोडले. लोक दोन रुपयांची नोट पुढं धरायचे आणि तो वर येऊन ती अलगद काढून न्यायचा.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. चेन गेली असावी. गाडी घसरत खाली गेली आणि माणूस तिच्याबरोबर. क्षणभर सगळं शांत झालं. मग त्याला उचलून पडद्यामागं नेलं आणि आम्हाला खाली उतरवलं. तासाभरानं भोंग्यावरून पुकारा झाला, ‘पुढचा खेळ सुरू’. तोच माणूस, मनगटाला फडकं बांधलेलं. खरं सांगायचं तर त्या खेळाला आधीपेक्षा दुप्पट गर्दी होती, आणि त्या गर्दीत मी होतो. तात्यांच्या मागं लागून मी दुसरं तिकीट काढायला लावलं होतं. आजीच्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही सरळ उत्तर नाही. त्या खेळाचा इतिहास मी शोधत गेलो तो बहुधा त्यामुळंच.

आधी गाडी पडत का नाही ते बघू. गोल फिरणारी वस्तू सरळ जायला बघते आणि भिंत तिला आत ढकलत राहते. गाडी जितकी जोरात, तितकी भिंतीवरची दाब जास्त. आणि दाब जास्त म्हणजे टायरची पकडही जास्त. विहीर दहा मीटर रुंद धरली आणि टायर चांगला असला, तर ताशी तीसेक किलोमीटरचा वेग पुरतो. त्याखाली आलात की संपलं. पंचेचाळीसनं फिरणाऱ्या माणसाला मात्र स्वतःचं वजन तिपटीहून जास्त जाणवतं. रक्त पायाकडं ओढलं जातं, डोळ्यांपुढं अंधारी येते. दिवसातून कितीतरी खेळ करणाऱ्या पाठीचं आणि मानेचं काय होत असेल, याचा विचार वरून बघणारा करत नाही.

ही विहीर आपल्या जत्रांत इतकी मुरली आहे की ती परकी आहे हे सांगून खरं वाटत नाही. तिचं मूळ अमेरिकेत आहे. १९१० च्या सुमारास तिकडं मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी लाकडी फळ्यांचे गोल मार्ग बांधले जाऊ लागले. लॉस एंजेलिसजवळचा तसा मार्ग जॅक प्रिन्स या जुन्या सायकलपटूनं बांधला. मार्गाच्या कडा उभट, फळ्या तेलानं निसरड्या, आणि गाड्यांना ब्रेकच नाहीत. ८ सप्टेंबर १९१२ रोजी नेवार्क इथं एडी हाशा नावाच्या स्वाराची गाडी कठड्यावर गेली. तो मेला, मागून येणारा दुसरा स्वार मेला आणि कठड्याशी वाकून बघणारी काही मुलंही मेली. वर्तमानपत्रांनी या मार्गांना ‘मर्डरड्रोम’ म्हणायला सुरुवात केली.

पण तोवर जत्रावाल्यांनी ही कल्पना उचललीही होती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९११ मध्येच असा एक छोटा गोल मार्ग उभा राहिला. पुढच्या चार-पाच वर्षांत उतार वाढत वाढत भिंत पार उभी झाली आणि शर्यतीचा खेळ झाला. आता हरणारा-जिंकणारा कोणी नव्हता. एक माणूस आणि त्याचं पडणं किंवा न पडणं, एवढंच उरलं. १९२९ मध्ये तो खेळ इंग्लंडात आला. तिथला टॉर्नेडो स्मिथ साइडकारमध्ये सिंहीण बसवून भिंतीवर फिरत असे. नुसत्या माणसाच्या जिवाची लोकांना लवकर सवय होते, हे त्यानं ओळखलं असावं!

आपल्याकडं स्वाराचं धाडस पैसे देऊन बघायची सवय मात्र त्याच्याही आधीची, आणि ती लागली आमच्या या भागात. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचे तरबेज स्वार म्हणून नावाजलेले होते. १८८० च्या सुमारास त्यांनी सर्कस काढली आणि भारतीय सर्कशीचे जनक म्हणून त्यांचं नाव राहिलं. त्यांच्याकडं घोडा होता. शंभर वर्षांनी आमच्या जत्रेत येझदी होती. स्वार तोच.

घोड्याची दुसरी एक गंमत आहे. १८९७ मध्ये त्याच कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू या गृहस्थानं लोखंडी रुळांवरून उतारानं धावणारे लाकडी घोडे बसवले. तिकीट काढा, घोड्यावर बसा, शर्यत लावा. पडायची भीती जवळजवळ नाही. टिल्यू हा पक्का धंदेवाला होता. १९०७ मध्ये त्याची बाग जळाली तेव्हा राख बघायलाही त्यानं दहा सेंट तिकीट लावलं. पण त्याला एक गोष्ट उमगली होती. बघणाऱ्यालाच खोगिरावर बसवलं तर तो जास्त खूश होतो.

त्या लाकडी घोड्याची फटफटी व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या टोफरलँड उद्यानात ‘बूस्टर बाइक’ नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. डबे नाहीत, रुळांवर मोटारसायकलींची रांग. २०१८ साली मी आइंडहोवेनला भाच्याकडं गेलो होतो, तेव्हा त्यानं हट्टानं तिथं नेलं. पुढं वाकून बसायचं, हँडल धरायचं, मागून एक पट्टा पाठीला घट्ट आवळतो. एक मुलगी प्रत्येकाचा पट्टा ओढून बघत होती. मग एकदम धक्का, ताशी पंचाहत्तर किलोमीटरपर्यंत, वळणं, आणि मिनिटभरात सगळं संपलं. मी वळणावर सवयीनं हँडल वळवून पाहिलं. ते वळत नव्हतं.

पुढं याच जातीचे मोठे कोस्टर आले – शांघायच्या डिस्नेलँडमध्ये २०१६ ला ‘ट्रॉन’, ऑरलँडोत २०१९ ला हॅग्रिडची मोटारसायकल. मला मात्र परतीच्या गाडीत फळ्यांची ती विहीर आठवत होती. भीती मी स्वतः घेतली होती, धोका कुणालाच दिला नव्हता. आजीनं या तिकिटाला हरकत घेतली नसती.

२०१९ च्या जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेत गेलो. दोन खेळांच्या मधे एक स्वार बाहेर चहा पीत बसला होता. पंचविशीतला, उत्तरेकडचा, गाडी जुनी यामाहा आरएक्स १००. ही गाडी बनायची १९९६ मध्येच बंद झाली, पण हलकी आणि चपळ म्हणून तो तीच सांभाळून होता. मी त्याला मोबाइलवर बूस्टर बाइक दाखवली. त्यानं दोनदा बघितली.

‘‘इसमें चलानेवाले को क्या मिलता है?’’ त्यानं विचारलं.

‘‘चलानेवाला कोई नहीं है,’’ मी म्हटलं.

तो हसला. भोंगा सुरू झाला होता. त्यानं ग्लास खाली ठेवला, चिंधीनं चेन पुसली, दोनदा बोटानं ताणून बघितली आणि आत गेला. मी जिना चढून वर गेलो आणि वीस रुपयांची नोट काढून हातात धरली.