मीठ, जस्त आणि मोटारीचे पोट

मोटारीच्या पोटाला गंजरोधक लेप देण्याचा धंदा मोटारीइतका जुना नाही. पहिल्या काही दशकांत मोटारीची काया आणि चासी वेगळ्या असत. चासी म्हणजे जाड पोलादी तुळयांचा सांगाडा, आणि त्यावर गंजाचा थर चढला तरी त्याच्या ताकदीत वर्षानुवर्षे फारसा फरक पडत नसे. १९२२ मध्ये आलेली लान्सिया लाम्ब्डा आणि १९३४ मधील सित्रोएन त्राक्सिओं आव्हां यांनी वेगळी वाट धरली: सांगाडा गेला आणि पत्र्याची कायाच सारा भार पेलू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रीत हळूहळू रूढ होत गेली. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. त्याला बळकटी येते ती घड्या घालून केलेल्या पोकळ पेट्यांमुळे, आणि दारांखालच्या या पेट्यांच्या आत ना रंगाची पिचकारी नीट पोहोचे, ना मालकाची नजर.

याच सुमारास रस्त्यावर मीठ आले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये बर्फ वितळवण्यासाठी प्रयोग म्हणून रस्त्यांवर मीठ टाकले, आणि महायुद्धानंतर ऐन हिवाळ्यातही डांबर उघडे दिसलेच पाहिजे अशी अपेक्षा रूढ झाल्यावर त्याचा वापर झपाट्याने वाढला. मीठ स्वतः लोखंड खात नाही. गंजणे ही विद्युत्‌रासायनिक क्रिया आहे. पत्र्यावर एके ठिकाणी लोखंड विरघळते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या ठिकाणी पाणी व प्राणवायू यांच्याशी संयोग पावतात, आणि या देवघेवीत पाण्यातून होणारे विद्युत्‌वहन खारेपणामुळे सुलभ होते. शिवाय मीठ ओलावा धरून ठेवते व पाणी सहजी गोठू देत नाही. त्यामुळे मिठाने माखलेली गाडी रात्री मायेने उबदार गॅरेजात उभी करणारा मालक तिचे नुकसानच करत असतो, कारण बाहेरच्या कडाक्यात मंदावलेली ही क्रिया आतल्या उबेत जोर धरते.

पातळ पत्रा आणि खारा रस्ता यांच्या या गाठीतून लेपाचा धंदा जन्मला. डेट्रॉइटमधील जर्मन वंशाचे मेकॅनिक कर्ट झिबार्ट यांनी १९५० च्या दशकात जी पद्धत बसवली तिचे मर्म बाहेरच्या लेपापेक्षा आतल्या फवाऱ्यात होते: दारे व पेट्या यांना ठरावीक जागी भोके पाडायची, लांब नळीने आत मेणासारखे द्रव्य फवारायचे आणि भोके प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करायची. हे काम मन लावून केले तर गाडीचे आयुष्य खरोखर वाढे. त्याच्या जोडीने आलेल्या डांबरी लेपाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. तो काही हिवाळ्यांनंतर कडक होऊन तडकतो, तड्यांतून शिरलेले खारे पाणी लेप आणि पत्रा यांच्यामध्ये अडकते, आणि वरून काळाकुळीत, धडधाकट दिसणारा पत्रा आतून सडत जातो. घाईघाईत मारलेल्या लेपाने निचऱ्याची भोकेच बुजली, तर पेटीचे टाकेच बनते.

खरा बदल घडला तो कारखान्यात, आणि स्पोर्ट्स कारच्या बाबतीत त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पोर्शे ९११. १९६७ मध्ये या कंपनीने गंजरोधक पोलादाच्या कायेच्या मोजक्या प्रायोगिक ९११ घडवल्या. त्यांतील एक म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. ते पोलाद महाग आणि घडणीस हट्टी होते, म्हणून कंपनी जस्ताकडे वळली. १९७५ च्या शरदात दाखल झालेल्या, म्हणजे १९७६ सालच्या म्हणून विकल्या गेलेल्या ९११ पासून, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पत्रा वापरात आला आणि त्यासोबत पत्रा गंजून भोक न पडण्याची ६ वर्षांची हमी दिली गेली; पुढे ही मुदत १० वर्षांपर्यंत वाढली. जस्ताचा गुण मराठी घराला जस्ती बादलीमुळे ठाऊक आहे. कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यावर ओरखडा उठला की उघडे पडलेले लोखंड अधिकच लवकर गंजते. जस्ती बादलीवर तसाच ओरखडा उठला तर जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला वाचवते.

याला जोड मिळाली ती विजेच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या रंगाची. अख्खी काया रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडली की रंगाचे कण पेट्यांच्या आतल्या कोपऱ्यांतही जाऊन बसतात. फोर्डने १९६० च्या दशकात ही रीत मोटारींसाठी वापरात आणली. १९७० च्या दशकात कायेला धनाऐवजी ऋण अग्र करण्याची सुधारणा झाली, आणि रंग चढताना लोखंड विरघळण्याचा दोषही गेला. झिबार्ट यांची नळी जेथे पोहोचावी म्हणून भोके पाडावी लागत, तेथे आता हौदातला रंग आपण होऊन पोहोचू लागला.

त्यामुळे आजच्या स्पोर्ट्स कारच्या संपूर्ण पोटाला नव्याने लेप देणे हा बहुतेक ठिकाणी वाया जाणारा खर्च आहे. अनेक गाड्यांची काया आता अंशतः वा पूर्णतः अॅल्युमिनियमची असते; १९९० च्या होंडा एनएसएक्सने तर ती सबंधच त्या धातूची केली. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पण पोलादी बोल्टशी त्याचा संबंध येतो तेथे खारे पाणी पोहोचले की बादलीतल्या जस्ताची पाळी अॅल्युमिनियमवर येते; म्हणून कारखाने अशा सांध्यांत चिकटद्रव्य आणि लेप दिलेले बोल्ट वापरतात. मुंबई-कोकणात रस्त्यावर मीठ पडत नसले, तरी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हेच सांधे शोधतात. सस्पेन्शनचे पोलादी भाग, ब्रेकच्या नळ्यांचे जोड आणि बोल्टची डोकी यांवर अधूनमधून मेणाचा पातळ हात फिरवणे मात्र रास्त ठरते, कारण ते मऊ राहते, तडकत नाही आणि पुसून खालचा धातू तपासता येतो. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून अशा गाड्यांच्या पोटाखाली जी सपाट प्लॅस्टिकची आवरणे बसवलेली असतात, त्यांच्यावर चिखल आणि पालापाचोळा साचून ओला राहतो. ती वर्षातून एकदा उतरवून आतली बाजू गोड्या पाण्याने धुण्याचे काम सहसा लेपाच्या दरपत्रकात नसते.