यष्ट्यांमागून दिसणारे मैदान

इंदूरच्या क्रिकेटचा विषय निघाला की आपल्या घरांतून कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर ही नावे हमखास ऐकू येतात. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. हा संघ काही फक्त इंदुरात जन्मलेल्यांचा नव्हता. नायडू नागपूरचे, त्यांना तुकोजीराव महाराजांनी १९२३ मध्ये इथे बोलावून घेतले. निंबाळकर कोल्हापूरचे. बाहेरून आलेल्या गुणी माणसाला जागा द्यायची, ही या शहराची जुनी रीत आहे. आपले पूर्वजही असेच कधीतरी इथे आले आणि इथलेच झाले. याच परंपरेतले अलीकडचे नाव म्हणजे यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित.

यष्टिरक्षकाचे काम कष्टाचे आणि कौतुक कमी असे. दिवसभर उठाबशा काढायच्या, शंभर चेंडू नीट अडवले तर कुणी बोलत नाही, एक झेल सुटला तर सारे मैदान बोलते. पण गोलंदाजाची चाल, फलंदाजाचे पाय, क्षेत्ररक्षकांतली मोकळी जागा हे सारे एकाच वेळी समोरून दिसते ते त्यालाच. ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांनी बेसबॉलमधला ‘कॅचर’ पाहिला असेल. तोंडावर जाळी बांधून फलंदाजाच्या मागे बसणारा हा गडी बोटांच्या खुणांनी गोलंदाजाला चेंडू सुचवतो. तिथल्या कित्येक नामवंत संघप्रमुखांनी उमेदीत हेच काम केले. कॉनी मॅक हे मुळात कॅचर. पुढे त्यांनी १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षे फिलाडेल्फियाचा संघ सांभाळला. मागे बसून पाहणाऱ्याला खेळ शिकवता येतो, हा तिकडचा अनुभव. आपल्याकडे त्याचे ठळक उदाहरण पंडित यांचे आहे.

पंडित यांचा जन्म १९६१ चा. रमाकांत आचरेकर सरांच्या शिस्तीत ते तयार झाले आणि मुंबईकडून खेळू लागले. १९८६ मध्ये लीड्स येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले, पण फलंदाज म्हणून. यष्ट्यांमागे किरण मोरे होते. त्याच वर्षी मद्रासला बरोबरीत सुटलेल्या ऐतिहासिक कसोटीतही पंडित खेळले, तेव्हाही यष्टिरक्षक म्हणून निवड मोरे यांचीच होती. संघात यष्टिरक्षकाची जागा एकच असते. पंडित यांच्या वाट्याला ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. प्रथम श्रेणीत मात्र त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडे आले आणि कर्णधार झाले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध आपल्या संघाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपला होता. पण शेवटच्या दिवशी डाव १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी हार झाली. खेळाडू म्हणून पुन्हा तशी संधी पंडित यांना मिळाली नाही.

पुढे ते प्रशिक्षक झाले. शिस्तीचे कडक, वेळेचे पक्के अशी त्यांची ख्याती झाली. मुंबईला त्यांनी २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक मिळवून दिला. जानेवारी २०१७ चा अंतिम सामना आपल्या होळकर स्टेडियमवर झाला. तिथे गुजरातचा कर्णधार पार्थिव पटेल याने, म्हणजे एका यष्टिरक्षकानेच, १४३ धावा करून मुंबईला हरवले आणि पंडित यांचे मुंबईतले पद गेले. ते विदर्भाकडे गेले. एका वर्षाच्या आत, १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक उचलला. नायडूंच्या नागपूरचे हे पहिले यश इंदुरात साजरे व्हावे, हा योग आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला. पुढच्या हंगामात विदर्भाने करंडक राखला.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. संघात मोठी नावे फारशी नव्हती. २०२२ चा अंतिम सामना पुन्हा बंगळूरला, त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर, आणि समोर एक्केचाळीस वेळा विजेती ठरलेली मुंबई. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतके झळकावली. २६ जून रोजी आदित्य श्रीवास्तवच्या संघाने सहा गडी राखून सामना जिंकला. १९५२-५३ मध्ये होळकर संघाने करंडक आणला होता, त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी तो इंदुरात आला. पंडित यांना त्या दिवशी मैदानावर अश्रू आवरले नाहीत.

मुंबईने घडवलेला माणूस मुंबईविरुद्ध जिंकला याचा आनंद मानायचा की हुरहुर, हा प्रश्न मराठी मनाला पडणे साहजिक आहे. पण पंडित यांनी मुंबईची विद्या मुंबईपुरती ठेवली नाही. नागपूरला दिली, इंदूरला दिली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या आपल्या समाजानेही हेच केले आहे: सोबत आणलेली विद्या, कला आणि शिस्त या मातीत रुजवली. जिथे राहतो तिथल्या मुलांच्या हाती आपले सर्वोत्तम द्यावे, यात मूळ गावाशी प्रतारणा नाही. एकोणिसशे नव्व्याण्णवच्या पराभवाची भरपाई पंडित यांनी स्वतः खेळून नव्हे, तर दुसऱ्यांना खेळायला शिकवून केली, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.