आजीच्या चुलीवर भात कुठून आला?



आपल्या गावात एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी जरा डोकावा. मुलं पुण्या-मुंबईला, बीडकडची ऊसतोडीला. चुलीवर भाताचं पातेलं, नाहीतर चहात बुडवलेली चपाती. आपण म्हणतो, म्हातारीला रांधायचा कंटाळा. मला ते पटत नाही. या भातामागे पन्नास-साठ वर्षं आहेत.

आधी घरोघर जातं होतं. जात्यावर मूठभर ज्वारीसुद्धा भरडता येते. दात गेले की भाकरी सुटायची आणि ताकातल्या कण्या, आंबील, भाजलेल्या हुलग्यांच्या पिठाचं माडगं सुरू व्हायचं. मऊ, तरी पोटाला आधार देणारं. मग पिठाची गिरणी आली. पहाटेचं दळण सुटलं, ते बरंच झालं. ज्यांनी ओढलंय त्यांना विचारा. पण गिरणीवाला मूठभर दळत नाही, आणि पायलीभर दळलं तर एकटीला ते संपत नाही. पीठ जुनं होतं, भाकरी चिरते.

१९६४ साली संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण सुगीत पाऊस लागला की काळा पडायचा. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, कामावर सुकडी मिळाली. बऱ्याच घरांना रेशनच्या रांगेची सवय तेव्हा लागली. पुढे रेशनला मुख्यतः गहू-तांदूळच राहिले. त्यातही तांदळाला गिरणी लागत नाही. धुवा आणि शिजवा!

२००० साली पेन्शन न मिळणाऱ्या ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी अन्नपूर्णा योजना निघाली, महिन्याला १० किलो धान्य फुकट. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो दिलं. अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो, मग घरात एकटीच असो. आधार नसलेली विधवा, साठीपुढची म्हातारी या कार्डाच्या निकषात बसते. गटाने एवढं तरी तपासावंच.

धान्य मिळालं, पण कायद्यात डाळ नाही. १०० ग्रॅम हुलग्यांत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, तांदळात सात-आठ. म्हातारपणी हातापायाचं मांस झडतं ते भरून काढायला नुसता भात पुरत नाही.

पाच-सहा आजींची ज्वारी गटाने एकत्र गिरणीत न्यावी, दगड जरा सैल ठेवायला सांगून कण्या काढाव्यात. त्याच खेपेला हुलगे भाजून दळून घ्यावेत आणि पंधरा दिवसांपुरतं वाटून द्यावं.