बालवयातील व्यक्तिबोध

समोरचा माणूस आपला की परका, भरवशाचा की नाही, हे लहान मूल कशावरून ठरवते याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास मूल अनोळखी चेहऱ्याला बुजू लागते. कान मात्र त्याआधीच कामाला लागलेले असतात. किन्झलर, द्युपू आणि स्पेल्क यांच्या २००७ च्या प्रयोगांत पाच-सहा महिन्यांची बाळे घरची भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडे जास्त वेळ पाहत होती. पॅरिस आणि बॉस्टन येथील दहा महिन्यांची बाळेही खेळणे घेताना तशाच व्यक्तीला पसंती देत. पुढे २००९ मध्ये पाच वर्षांच्या गोऱ्या अमेरिकी मुलांनी परक्या धाटणीने बोलणाऱ्या गोऱ्या मुलापेक्षा आपल्यासारखे बोलणारा कृष्णवर्णीय मित्र निवडला.

नाशिक जिल्ह्यात या निष्कर्षाला फार मोल आहे. बागलाणात घरोघरी अहिराणी, मालेगाव शहरात उर्दू, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कोकणा बोली आणि शाळेत प्रमाण मराठी. पाड्यावरचे मूल पहिल्या दिवशी बाईंचे बोलणे ऐकून गप्प बसते, तेव्हा त्याला मंद समजणे हा त्या मुलावर अन्याय आहे. तेही बाईंना पारखत असते. अंगणवाडीत ताई किंवा मदतनीस यांपैकी एकीला तरी मुलांची बोली यायलाच हवी.

माणसे वेगळी काढण्याची तयारी मुलात लवकर दिसते. कोणाला वरचे मानायचे, हे मात्र ते भोवतालातून उचलते. डनहम, श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये भारतीय मुलांचा नकळतचा कल तपासला. हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही मुलांचा ओढा आपापल्या धर्मगटाकडे होता. जातीबाबत मात्र उच्च मानल्या गेलेल्या जातींकडे सर्वांचाच कल आढळला, खालच्या ठरवलेल्या जातींतील मुलांचाही. २ मार्च १९३० रोजी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा काळाराम मंदिर सत्याग्रह जिथे सुरू झाला, त्या नाशिकच्या वाचकाला हे अस्वस्थ करणारे आहे.

वागण्याची कारणे सांगण्याची रीतही समाजागणिक बदलते. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये म्हैसूर व शिकागो येथील मुले आणि प्रौढ यांची तुलना केली. शिकागोचे प्रौढ माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवत, म्हैसूरचे नात्यांकडे आणि प्रसंगाकडे. आठव्या वर्षी हा फरक किरकोळ होता. वयाबरोबर तो वाढत गेला.

या शाखेतील बहुतेक प्रयोग अमेरिका-युरोपातील मुलांवर झाले आहेत. घरची बोली आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या मुलांवर ते करायचे तर नाशिकइतका योग्य जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.