गूगल कीप आणि गूगल खाते

गूगल कीप ही गूगल या अमेरिकन कंपनीची आंतरजालावर टिपणे लिहून साठवण्याची विनामूल्य सेवा आहे. ती २० मार्च २०१३ रोजी सुरू झाली. ही सेवा वापरण्यासाठी गूगल खाते असणे आवश्यक असते. गूगल खाते म्हणजे कंपनीच्या सर्व सेवांसाठी असलेली एकच सनोंद प्रवेश व्यवस्था होय. टिपणवही आणि तिच्यापर्यंत पोहोचवणारे खाते या दोन स्वतंत्र सेवा असल्या, तरी वापरकर्त्याच्या दृष्टीने त्या परस्परावलंबी आहेत. खाते बंद झाले, गमावले गेले किंवा परक्याच्या हाती पडले, की त्यातील टिपणांचेही तेच होते. त्यामुळे या लेखात दोन्ही सेवांची माहिती एकत्र दिली आहे.

पार्श्वभूमी

गूगलची स्थापना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये केली. सुरुवातीची काही वर्षे शोधयंत्र हेच कंपनीचे मुख्य उत्पादन होते आणि ते वापरण्यासाठी कोणत्याही खात्याची गरज नव्हती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल ही टपालसेवा आल्यानंतर चित्र बदलले. पुढील काळात दस्तऐवज, दिनदर्शिका, छायाचित्रे अशा वैयक्तिक स्वरूपाच्या सेवांची भर पडत गेली. २००६ मध्ये गूगलने यूट्यूब विकत घेतले आणि कालांतराने तेही याच खात्याला जोडले गेले. १ मार्च २०१२ पासून कंपनीने आपली ६०हून अधिक वेगवेगळी गोपनीयता धोरणे एकत्र करून एकच धोरण लागू केले. त्यामुळे एका सेवेतील माहिती दुसऱ्या सेवेत वापरण्याचा मार्ग कंपनीला मोकळा झाला. या बदलावर युरोपातील नियामकांनी आक्षेप घेतले होते.

गूगल नोटबुक

कीपच्या आधी गूगलने टिपणांसाठी गूगल नोटबुक ही सेवा मे २००६ मध्ये सुरू केली होती. संकेतस्थळे चाळताना आवडलेला मजकूर, चित्र किंवा दुवा निवडून तो थेट वहीत जमा करण्याची सोय तीत होती. त्यासाठी न्याहाळकाला एक छोटे विस्तारक जोडावे लागे. वह्यांचे विभाग पाडता येत, त्यांना खूणशब्द देता येत आणि एखादी वही इतरांना वाचण्यासाठी खुली करता येत असे. संशोधन करणारे आणि प्रवासाची आखणी करणारे यांना ही सेवा सोयीची होती.

जानेवारी २००९ मध्ये कंपनीने नोटबुकचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. नव्या वापरकर्त्यांसाठी दार बंद झाले आणि विस्तारकही मागे घेण्यात आले. जुन्या वापरकर्त्यांना आपल्या वह्या काही काळ वापरता आल्या. सप्टेंबर २०११ मध्ये सेवा पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि जुलै २०१२ मध्ये ती बंद पडली. वह्यांतील मजकूर गूगल डॉक्समध्ये हलवण्यात आला. मजकूर नष्ट झाला नाही, पण वहीची मांडणी आणि काम करण्याची पद्धत मात्र संपली.

कीपची सुरुवात

१३ मार्च २०१३ रोजी गूगलने गूगल रीडर ही लोकप्रिय वाचनसेवा बंद करण्याची घोषणा केली आणि अवघ्या आठवड्याभरात कीप सादर केले. हा योगायोग अनेकांना खटकला. गिगाओम या संकेतस्थळाचे संस्थापक ओम मलिक यांनी, कंपनी सेवा टिकवेल याचा भरवसा नसल्याने आपण कीप वापरणार नाही, अशी भूमिका मांडली. वापरकर्ता वर्षानुवर्षे जमवलेला मजकूर एखाद्या सेवेत ठेवतो, तेव्हा ती सेवा किती काळ चालेल हा प्रश्न तिच्या सोयींपेक्षा महत्त्वाचा ठरतो, हा या टीकेचा गाभा होता.

कीप आरंभी अँड्रॉइड भ्रमणध्वनी आणि न्याहाळक यांवर उपलब्ध होते. आयफोनसाठीचे ॲप सप्टेंबर २०१५ मध्ये आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कीपचा समावेश संस्थांसाठीच्या जी सूट या संचात झाला. हाच संच आता गूगल वर्कस्पेस या नावाने ओळखला जातो.

वैशिष्ट्ये

कीपमधील प्रत्येक टिपण एका रंगीत चिठ्ठीसारखे दिसते. चिठ्ठीत साधा मजकूर, खुणा करता येणारी यादी, छायाचित्र, रेखाटन किंवा ध्वनिमुद्रण ठेवता येते. बोललेल्या शब्दांचे लिखित मजकुरात रूपांतर करण्याची आणि छायाचित्रातील छापील मजकूर ओळखून तो टिपणात उतरवण्याची सोय आहे. चिठ्ठ्यांना खूणशब्द आणि रंग देता येतात, महत्त्वाची चिठ्ठी वर टाचून ठेवता येते आणि ठरावीक वेळी आठवण करून देण्याची सूचना लावता येते. काम संपलेली चिठ्ठी संग्रहात ठेवल्यास ती नजरेआड होते, पण शोधल्यावर सापडते. पुसलेली चिठ्ठी ७ दिवस कचरापेटीत राहते आणि त्यानंतर कायमची नष्ट होते.

एखादी चिठ्ठी दुसऱ्या व्यक्तीच्या ईमेल पत्त्यावर सामायिक केल्यास दोघांनाही ती एकाच वेळी संपादित करता येते. घरातील किराणा सामानाची यादी हे याचे नेहमीचे उदाहरण होय. मात्र मूळ मालकाने सामायिक चिठ्ठी पुसल्यास ती सर्वांकडून नाहीशी होते.

कीपमध्ये देवनागरी मजकूर लिहिता व शोधता येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजी टंकलेखनात मराठीसह ८ भारतीय भाषांची भर घातली. त्यामुळे कळफलकावर देवनागरी लिहिण्याची सवय नसलेल्यांनाही अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर बोलून मराठी मजकूर लिहिणे शक्य झाले.

सनोंद प्रवेश

गूगल खात्यात प्रवेश करण्याची मूळ पद्धत ईमेल पत्ता आणि परवलीचा शब्द ही आहे. परवलीचा शब्द चोरीला जाण्याचे प्रमाण वाढल्याने कंपनीने द्विस्तरीय पडताळणी आणली. ती सप्टेंबर २०१० मध्ये प्रथम संस्थांना आणि फेब्रुवारी २०११ पासून सर्व वापरकर्त्यांना मिळू लागली. या पद्धतीत परवलीच्या शब्दानंतर आणखी एक पुरावा द्यावा लागतो. तो भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशातून आलेला संकेतांक असू शकतो, भ्रमणध्वनीवरील सूचनेला दिलेला होकार असू शकतो किंवा गूगल ऑथेंटिकेटर या ॲपने तयार केलेला अंकसमूह असू शकतो. ऑथेंटिकेटरमधील ६ अंकी संकेतांक दर ३० सेकंदांनी बदलतो. तो खात्याशी निगडित गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांच्यावरून भ्रमणध्वनीतच तयार होत असल्याने त्यासाठी नेटवर्कची गरज लागत नाही. लघुसंदेशाची पद्धत तुलनेने दुबळी मानली जाते, कारण फसवणुकीने दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड मिळवून संकेतांक पळवता येतो.

भ्रमणध्वनी हरवल्यास उपयोगी पडावेत म्हणून ८ अंकी १० राखीव संकेतांक आधीच उतरवून घेता येतात. प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो.

मे २०२३ मध्ये गूगल खात्यांसाठी पासकी ही पद्धत उपलब्ध झाली. तीत परवलीचा शब्द नसतो. वापरकर्त्याच्या उपकरणात एक खासगी किल्ली राहते आणि तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली गूगलकडे असते. प्रवेशाच्या वेळी उपकरण बोटाचा ठसा, चेहरा किंवा पडद्याचे कुलूप तपासते आणि खासगी किल्लीने स्वाक्षरी करते. ही किल्ली मूळ संकेतस्थळाशीच जोडलेली असल्याने हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालत नाही.

इतर संकेतस्थळांवर प्रवेश

अनेक संकेतस्थळे आणि ॲप स्वतःचे स्वतंत्र खाते उघडण्याऐवजी गूगल खात्याने प्रवेश करू देतात. यामागे ओऑथ २.० आणि ओपनआयडी कनेक्ट ही खुली मानके आहेत. वापरकर्त्याने संमती दिल्यावर गूगल त्या संकेतस्थळाला स्वाक्षरीयुक्त ओळखपत्र पाठवते. त्यात सामान्यतः नाव, ईमेल पत्ता आणि छायाचित्र असते. परवलीचा शब्द त्या संकेतस्थळापर्यंत जात नाही. दिलेली परवानगी खात्याच्या सेटिंगमधून केव्हाही काढून घेता येते. या सोयीची दुसरी बाजू अशी, की गूगल खाते गमावल्यास त्याच्या आधारे उघडलेल्या इतर ठिकाणच्या खात्यांचा मार्गही अडतो.

मर्यादा आणि टीका

कीपमधील टिपणे प्रवासात आणि साठवणीत कूटबद्ध असतात, पण त्यांना आद्यंत कूटबद्धता नाही. म्हणजेच किल्ली केवळ वापरकर्त्याकडे नसून कंपनीच्या यंत्रणेला मजकूर वाचता येऊ शकतो. त्यामुळे बँकेचे पिन, परवलीचे शब्द किंवा ओळखपत्रांचे क्रमांक अशा टिपणांत ठेवणे योग्य मानले जात नाही. दीर्घ लेखन आणि मजकुराची सविस्तर मांडणी यांसाठीही कीप सोयीचे नाही, कारण चिठ्ठीच्या लांबीला मर्यादा आहे.

मजकुराचे जतन

जून २०११ मध्ये सुरू झालेल्या गूगल टेकआउट या सुविधेद्वारे खात्यातील माहितीची प्रत उतरवून घेता येते. कीपमधील टिपणे एचटीएमएल आणि जेसन या स्वरूपांत मिळतात. एचटीएमएल धारिका कोणत्याही न्याहाळकात उघडते, त्यामुळे मूळ सेवा बंद झाली तरी मजकूर वाचता येतो.

मे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार सलग २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह पुसले जाऊ शकते. प्रत्यक्ष कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. शाळा, संस्था आणि उद्योग यांच्या खात्यांना हे धोरण लागू नाही. मृत व्यक्तींच्या खात्यांच्या संदर्भात या नियमाला विशेष महत्त्व आहे, कारण वारसांना परवलीचा शब्द बहुधा माहीत नसतो. यासाठी एप्रिल २०१३ पासून निष्क्रिय खाते व्यवस्थापक ही सुविधा आहे. खाते किती महिने वापरात नसल्यास काय करावे आणि कोणाला कळवावे, हे तीत आधीच ठरवून ठेवता येते. अशा कमाल १० विश्वासू व्यक्ती नेमता येतात आणि त्यांना निवडक माहिती मिळू शकते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही, मृत्यू किंवा असमर्थतेच्या प्रसंगी आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे.

हेसुद्धा पाहा

जीमेल
गूगल ड्राइव्ह
एव्हरनोट
द्विस्तरीय पडताळणी