आठवी, पाचवी, पहिली

आपण सगळ्यांनी इंग्रजी मुळाक्षरे पाचवीत गिरवली. आपल्या काही गुरुजनांच्या वाट्याला ती आठवीत आली होती, कारण १९४८ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई प्रांतात पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून टाकले होते. मातृभाषेचा पाया पक्का व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण कॉलेजात विज्ञान इंग्रजीतच राहिले आणि मधली दरी मुलांच्या गळ्यात पडली.

२००० साली इंग्रजी थेट पहिलीत आले. ती मुले २०१२ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला पोचली, तेव्हा मी एका कॉलेजात जादा इंग्रजी वर्गांचा समन्वयक होतो. आता हे वर्ग कशाला, असे स्टाफरूममध्ये बोलले गेले. आम्ही साधी चाचणी घेतली. धड्याखालचे प्रश्न मुले भराभर सोडवत. पण प्राध्यापकांचे बोलणे ऐकून चार ओळी टिपून घेता येत नव्हत्या. मग वर्ग ठेवले, व्याकरण कमी केले आणि ऐकून टिपणे काढण्याचा सराव वाढवला. वेळापत्रक मात्र आम्ही नव्हे, एसटी ठरवायची! पाचची गाडी चुकलेल्या मुलीला घरचे पुन्हा जादा तासाला पाठवत नसत. म्हणून तास प्रॅक्टिकलच्या आधी घेतला.

विज्ञान सोडून कला शाखेत जाण्याचे अर्ज तरीही यायचे. ते मी खणात ठेवायचो आणि म्हणायचो, "दिवाळीपर्यंत थांब, मग बघू." काहींनी दिवाळीनंतर ते परत मागितलेच नाहीत.