स्टेट एनर्जी एफिशियन्सी इंडेक्स म्हणजे काय? ‘महाराष्ट्र पहिला’चा खरा अर्थ

‘ऊर्जा कार्यक्षमतेत महाराष्ट्र पहिला’ ही बातमी मी मोबाईलवर वाचली आणि लगेच ग्रुपवर टाकली. मला वाटलं, आपण सगळ्यात कमी वीज वापरतो! नंतर नीट वाचल्यावर कळलं, मी अर्थच चुकीचा लावला होता. तुमचंही तसं होऊ नये म्हणून हा लेख.

हा इंडेक्स कोण काढतं?

एसी-फ्रिजवरचं स्टार लेबल ज्यांचं आहे, तीच केंद्र सरकारची संस्था, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी (बीईई). इमारती, उद्योग, वाहतूक, शेती, पालिकेच्या सेवा आणि वीज वितरण कंपन्या अशा क्षेत्रांत राज्याने काय केलं, ते यात तपासतात. २०२४ च्या इंडेक्समध्ये ६६ निकष होते. ६०% पेक्षा जास्त गुण मिळाले की राज्य ‘फ्रंट रनर’.

तुलना कोणाशी होते?

एकूण ऊर्जावापरानुसार राज्यांचे चार गट केलेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सगळ्यात जास्त ऊर्जा वापरणाऱ्या गटात पहिला आला. बाकीच्या गटांत आंध्र प्रदेश, आसाम आणि त्रिपुरा पहिले. म्हणजे आपला वापर कमी नाही, उलट खूप जास्त आहे!

कमी वापर म्हणजे कार्यक्षमता नाही

६० वॅटचा बल्ब बंद करून अंधारात बसलात तर वीज वाचेल, पण अभ्यास होणार नाही. ९ वॅटचा एलईडी साधारण तेवढाच उजेड देतो. रोज ५ तास लावला तर महिन्याला जुन्या बल्बला ९ युनिट लागतात, एलईडीला दीडपेक्षाही कमी. काम तेवढंच, वीज कमी, याला कार्यक्षमता म्हणतात.

मग माझं बिल कमी होणार का?

नुसत्या रँकमुळे नाही. प्रत्यक्ष बचतीसोबत धोरणं, नियम आणि त्यांची अंमलबजावणी यांनाही गुण असतात. नियम कागदावर असला तरी तुमच्या सोसायटीच्या जिन्यात जुनेच दिवे असतील, तर बिल तेवढंच येणार.

त्यामुळे अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: वर्ष कोणतं, गट कोणता आणि गुण कशाचे. मी हे न बघताच फॉरवर्ड केली होती, मग ग्रुपवर दुरुस्तीही मलाच टाकावी लागली.